बासष्ट ते अडुसष्ट

लेलंड क्विस्ट म्हणाला, बासष्टला हिच्या अंगात येतं,
अडुसष्टला उतरतं.
मधले सहा मैल नुसतं धरून बसायचं,
दात आवळून.

ब्रेक दाबल्यावर वाढतं?
नाही.
वळणावर?
इथे वळण कुठे आहे, म्हणाला.
खरंच होतं. माल्टाच्या पूर्वेला
रस्ता असा, की कुणी पट्टी ठेवून ओढलाय
आणि पट्टी उचलायची राहून गेलीय.

मी चालवायला बसले, तो शेजारी.
डॅशबोर्डवर गव्हाची पावती, खिळ्यांचा डबा,
बायकी हातमोजा एकच, डाव्या हाताचा.
चाळीस, पन्नास: पिकअप गाईसारखी गरीब.
साठ.
एकसष्ट.
मग पेरांत मुंग्या, मग मनगटं,
मग आरशातलं मागचं अख्खं शेत
दोन-दोन दिसायला लागलं.
न्यूट्रलमध्ये टाकली.
इंजिन खाली बसलं, थरथर तशीच.
म्हणजे इंजिन संशयातून सुटलं.
एवढं बरं असतं या धंद्यात,
निर्दोष कोण ते आधी कळतं.

माझ्याआधी दोघांचे हात लागले होते.
हावरच्या पोराने चाकं तीनदा बॅलन्स केलेली,
मेहुण्याने नवा डँपर बसवलेला,
पैसे न घेता, म्हणून बोलायची सोय नाही.
मी गाडी वर घेतली.
चाक बारा आणि सहावर धरून हलवलं,
मग तीन आणि नऊवर.
पहार घालून बॉल जॉइंट उचकून पाहिले,
बेअरिंगला कान लावला.
सगळं घट्ट. सगळं मुकं.
बॅलन्सच्या मशीनवर शून्य, शून्य,
शून्य, शून्य.
हवेत फिरताना कुणीही सज्जनच असतं.

मग पुढची चाकं मागे टाकली, मागची पुढे,
आणि पुन्हा पूर्वेला.
बासष्टला स्टिअरिंग गप्प.
पण बूड हलायला लागलं,
थरथर हातातून निघून
पाठीच्या कण्यात जाऊन बसली होती.
लेलंडने टोपी मागे सारली.
सरकली, म्हणाला.
सरकली.

दुकानात येऊन त्या दोन चाकांवर
मशीनचा जड रोलर दाबला, रस्ता दाबतो तसा.
तेव्हा कुठे बोलली.
दोन्हींवर एक-एक जागा, तळहाताएवढी,
डोळ्याला न दिसणारी, चपटी.
वजन सगळीकडून सारखं.
गोल मात्र नाही.

कुठे उभी होती का ही? बरेच दिवस?

तो जॅककडे बघत राहिला.
नोव्हेंबरपासून, म्हणाला. मार्च संपेपर्यंत.
अंगणात. बर्फ ढकलायचं पातं नाकावर तसंच,
साडेसातशे पौंड.
लेकीच्या गाडीतून बिलिंग्जला गेलो होतो,
दोन दिवसांसाठी म्हणून.
पातं कशाला काढायचं दोन दिवसांसाठी.
इथे उणे तीस होतं, शेजारी सांगत होता.
आर्डिस तिकडे
म्हणाला, आणि मग
टायरची किंमत विचारली.

मी सांगितली. थोडी कमी करूनच.

गुरुवारी त्याचा फोन आला.
काही होत नाही आता.
बासष्ट, पासष्ट, सत्तर, लोण्यातून सुरी.
बरं, म्हणाले.
फोन ठेवला नाही त्याने.
पलीकडे वारा, कुठलंसं फाटक आपटत होतं.
पण बासष्टला हात आपोआप आवळतात,
म्हणाला, ते कशाने?

ते मशीनवर येत नाही, मी म्हणाले.
आणखी हजार मैल चालव, मग बघू.

हजार, म्हणाला,
आणि कागदावर पेन घासल्याचा आवाज आला.